राणीने भर सभेत तोंडावरचा पडदा काढला आणि साडेतीन महिन्यांत राजाचं तख्त गेलं

युरोपात बुरखाबंदीचा विषय निघाला की दोन फोटो हमखास फिरायला लागतात. एकात निळ्या बुरख्यातल्या आजच्या अफगाण बायका असतात. दुसऱ्यात बिनबाह्यांचा गाऊन, कापलेले केस आणि गळ्यात मोत्यांची माळ अशी एक देखणी बाई असते. खाली लिहिलेलं असतं, ही १९२८ ची अफगाणिस्तानची राणी.

फोटो खरा आहे. बाईचं नाव सुरैया तर्झी. पण फोटोखाली जी गोष्ट सांगितली जाते ती बहुतेक वेळा अर्धीच असते. पूर्वी सगळं छान होतं, मग कट्टर लोक आले आणि बिघडलं, एवढ्यावर ती संपते. खरी गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. त्यात बुरखा आहे, तसाच शेतसारा आहे, सैनिकांचा थकलेला पगार आहे, आणि आपली मुंबईसुद्धा आहे.

सुरुवात काबुलमध्ये नाही, सिरियात होते.

२४ नोव्हेंबर १८९९ रोजी दमास्कसमध्ये सुरैयाचा जन्म झाला. तेव्हा हे शहर ऑटोमन साम्राज्यात होतं. तिचे वडील महमूद तर्झी अफगाण होते, पण त्यांच्या घराण्याला अमीर अब्दुर रहमानने देशाबाहेर काढलं होतं. कराची, बगदाद असं करत कुटुंब दमास्कसला स्थिरावलं. तिथे महमूद तर्झींनी वर्तमानपत्रं वाचली, तुर्की सुधारकांशी ओळखी केल्या आणि अस्मा रस्मिया या अलेप्पोच्या मुलीशी लग्न केलं. अस्माचे वडील दमास्कसच्या प्रसिद्ध उमय्यद मशिदीशी जोडलेले धर्मपंडित होते. म्हणजे पुढे जिला धर्मबुडवी म्हटलं गेलं, तिचे आजोबा मशिदीतले होते.

१९०१ मध्ये अब्दुर रहमान वारला. नवा अमीर हबीबुल्लाह याने हद्दपार केलेल्यांना परत यायला मुभा दिली. तर्झी कुटुंब काबुलला आलं तेव्हा सुरैया लहान होती. घरात शिक्षणाचं वातावरण, आई-वडील दोघंही वाचणारे. वडिलांनी १९११ मध्ये सिराज-उल-अखबार नावाचं वर्तमानपत्र सुरू केलं. इंग्रजांविरुद्ध लिहायचं, जगात काय चाललंय ते सांगायचं आणि मधूनच बायकांच्या शिक्षणाबद्दल मजकूर द्यायचा, असा त्याचा बाज होता. अफगाणिस्तानच्या पत्रकारितेचे जनक म्हणून तर्झींचं नाव आजही घेतात.

याच घरात अमीराच्या मुलांचं येणंजाणं सुरू झालं. अमीराचा थोरला मुलगा इनायतुल्लाह याचं लग्न सुरैयाच्या बहिणीशी झालं. तिसरा मुलगा अमानुल्लाह, त्याने १९१३ मध्ये सुरैयाशी लग्न केलं. ती अवघी १३ वर्षांची होती. पुढे याच जोडप्याने बालविवाहाविरुद्ध कायदा आणला, हे लक्षात ठेवायला हवं.

अमानुल्लाह काही युवराज नव्हता. पण फेब्रुवारी १९१९ मध्ये जलालाबादजवळ शिकारीच्या छावणीत हबीबुल्लाहचा झोपेत गोळी घालून खून झाला. काका नसरुल्लाहने जलालाबादेत स्वतःला अमीर जाहीर केलं. अमानुल्लाह मात्र काबुलात होता, आणि खजिना आणि फौज काबुलातच होती. त्याने सैनिकांचा पगार वाढवला, काकाला कैदेत टाकलं आणि गादीवर बसला. वय २६.

तीन महिन्यांत त्याने इंग्रजांशी युद्ध छेडलं. इंग्रजांनी काबुलवर विमानातून बॉम्ब टाकले, पण पहिल्या महायुद्धाने तेही थकलेले होते. ऑगस्ट १९१९ मध्ये रावळपिंडीत तह झाला आणि अफगाणिस्तानचं परराष्ट्र धोरण अफगाणांच्या हाती आलं. अमानुल्लाह एका रात्रीत हिरो झाला. भारतातही त्याचं मोठं कौतुक होतं. खिलाफतीच्या दिवसांत हजारो भारतीय मुसलमान घरदार विकून त्याच्या राज्यात राहायला निघाले होते, इतकं.

या लोकप्रियतेवर त्याने जे पुढे केलं ते सगळं उभं आहे. पुढची १० वर्षं तो ही शिल्लक खर्च करत राहिला.

सुरैया यात कुठे होती? आधीच्या अमीराच्या जनानखान्यात बायकांची मोजदाद कठीण होती. अमानुल्लाहच्या दरबारात मात्र राणी एकच होती. ती शिकारीला जायची, घोड्यावर बसायची, मंत्र्यांच्या चर्चेत असायची. १९२१ मध्ये काबुलात मस्तुरात नावाची मुलींची शाळा निघाली. त्याच वर्षी इर्शाद-ए-निस्वान हे बायकांसाठीचं साप्ताहिक सुरू झालं. त्यामागे सुरैयाची आई अस्मा होती. शाळेचं काम सुरैया आणि तिच्या घरच्या बायकाच बघायच्या. मुली मिळवायच्या कुठून, हा पहिला प्रश्न होता. पहिल्या मुली अर्थातच दरबारातल्या आणि अधिकाऱ्यांच्या घरातल्या आल्या.

एक जाहीर भाषण सुरैयाने १९२६ मध्ये स्वातंत्र्याच्या वर्धापनदिनी केलं. देश स्वतंत्र झाला तो फक्त पुरुषांसाठी नाही, इस्लामच्या सुरुवातीच्या काळातही बायका समाजाच्या कामात होत्या, तेव्हा आपणही शिकलं पाहिजे, असा त्याचा आशय होता. तिने धर्म बाजूला ठेवून बोलायचं टाळलं. तिचा दावा होता की चेहरा झाकणं हा धर्माचा हुकूम नाही, ती रूढी आहे.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. तिकडे पूर्ण अंग आणि तोंड झाकणाऱ्या बुरख्याला चादरी म्हणतात. डोळ्यांपुढे जाळी असलेला, तोच. १९२० च्या दशकात ही चादरी प्रामुख्याने शहरातल्या, खात्यापित्या घरच्या बायकांची होती. खेड्यात शेतावर राबणारी किंवा कळपांबरोबर भटकणारी कुची बाई डोक्यावरून ओढणी घ्यायची, पण जाळीतून बघत तिला काम करणं शक्यच नव्हतं. म्हणजे ज्या डोंगराळ भागातून पुढे बंड उठलं, तिथल्या कित्येक बायका तोंड झाकतच नव्हत्या. मग बंड पेटलं कशावर?

त्याची पहिली झलक १९२४ मध्ये दिसली. बालविवाह, मुलीच्या बदल्यात पैसे घेणं, वैर मिटवायला मुलगी देणं यांवर नव्या कायद्यांनी बंधनं आणली होती. खोस्त भागात मुल्ला-ए-लंग म्हणजे लंगडा मुल्ला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मौलवीने त्याविरुद्ध बंड केलं. एका हातात कुराण आणि दुसऱ्या हातात कायद्याचं पुस्तक धरून तो लोकांना निवड करायला सांगायचा, असं म्हणतात. बंड मोडायला सरकारला कित्येक महिने लागले. मुल्लाला देहदंड झाला, पण लोया जिरगा म्हणजे टोळीप्रमुख आणि मौलवींच्या मोठ्या सभेपुढे राजाला कुटुंबविषयक बरेच कायदे मागे घ्यावे लागले.

इशारा पुरेसा स्पष्ट होता. तो ऐकला गेला नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये राजा-राणी जगाच्या सफरीवर निघाले. क्वेट्टा, कराची आणि मग मुंबई. मुंबईत त्यांचं जंगी स्वागत झालं आणि इथूनच त्यांचं जहाज इजिप्तकडे सुटलं. पुढे इटली, फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड, पोलंड, सोव्हिएत रशिया, तुर्कस्तान आणि इराण. सहा-सात महिने ही सफर चालली. बर्लिनमध्ये अमानुल्लाहने भुयारी रेल्वे स्वतः चालवून बघितली. तिथले लोक त्या प्रकारच्या डब्यांना पुढे कित्येक वर्षं अमानुल्लाह डबे म्हणायचे.

युरोपात सुरैयाने चेहरा झाकला नाही. तिथल्या फॅशनप्रमाणे कपडे घातले, मेजवान्यांना गेली, फोटो काढले. युरोपातली वर्तमानपत्रं खूश होती. पूर्वेकडची राणी म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे जे चित्र होतं त्यात ही बसत नव्हती, म्हणून तर जास्तच खूश.

तेच फोटो काही महिन्यांत अफगाणिस्तानच्या सरहद्दीवरच्या टोळ्यांमध्ये पोहोचले. उघडे दंड, उघडा चेहरा, परपुरुष राणीच्या हाताचं चुंबन घेतोय. काही फोटो तर खोटे, दुसऱ्याच्या धडावर राणीचं डोकं चिकटवलेले होते, असंही सांगितलं जातं. हे कोणी वाटले? इंग्रजांनी वाटले, असा संशय तेव्हाही होता आणि आजही आहे. अमानुल्लाहची रशियाशी मैत्री इंग्रजांना खुपत होती हे खरं. पण त्यांनीच फोटो वाटल्याचं सिद्ध झालेलं नाही.

फोटोंच्या जोडीला अफवा होत्या. राजा रोममध्ये ख्रिश्चन झाला. राजा युरोपातून असं यंत्र आणतोय ज्यात माणसांच्या प्रेतांपासून साबण बनवतात. तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं, तरी फॉरवर्ड होतेच.

तुर्कस्तानात राजाची मुस्तफा कमाल पाशाशी भेट झाली. कमालने त्याला आधी फौज मजबूत करायचा सल्ला दिला होता, अशी आठवण नेहमी सांगितली जाते. तर्झींचंही जावयाला हळू घ्यायचंच सांगणं होतं. अमानुल्लाहने उलट केलं. फौजेचा पगार कापला, टोळीप्रमुखांचे भत्ते कमी केले, सक्तीची लष्करभरती आणली आणि कर वाढवले. शाळा, रस्ते, नव्या राजधानीच्या इमारती यांना पैसा लागत होता.

जुलै १९२८ मध्ये तो स्वतः गाडी चालवत इराणमार्गे काबुलला परतला. काही आठवड्यांनी पगमानला लोया जिरगा भरली. सुमारे १,००० प्रतिनिधी आले. त्यांना काळे कोट, पाटलोणी आणि टोप्या घालायला लावल्या. आयुष्यभर पगडी आणि ढगळ सलवार घातलेली पन्नाशी-साठीची माणसं अशी ताटकळत बसली होती. त्यांच्यापुढे राजाने लग्नाचं किमान वय मुलींसाठी १८ आणि मुलांसाठी २२ करायचा प्रस्ताव मांडला. तो फेटाळला गेला. ज्यांचा पाठिंबा हवा त्यांना आधी अपमानित करायचं, हे कुठलं राजकारण, असा प्रश्न पडतोच.

यानंतर काबुलच्या प्रभावी मुजद्दिदी घराण्यातल्या धर्मगुरूंनी सुधारणांविरुद्ध सह्या गोळा केल्या. त्यांना अटक झाली. एका काझीला तर फाशी झाली.

आणि मग ऑक्टोबर १९२८. काबुलात अमानुल्लाहने निवडक लोकांपुढे अनेक दिवस चालणारी व्याख्यानमाला केली. सफरीत काय पाहिलं, देशात काय बदलायचं, हे तो तासन्‌तास सांगत होता. सरकारी नोकराला एकापेक्षा जास्त बायका चालणार नाहीत. मुली परदेशी शिकायला जातील. शेवटी विषय पडद्यावर आला. इस्लाम बाईला तोंड झाकायची सक्ती करत नाही, असं सांगून तो सुरैयाकडे वळला. तिने सगळ्यांसमोर तोंडावरची जाळी काढली. हजर असलेल्या काही अधिकाऱ्यांच्या बायकांनीही तसंच केलं.

ही बंदी होती का? इथेच वादाचा खरा मुद्दा आहे. ज्या बाईला पडदा नको तिने काढावा, अशी राजाची जाहीर भूमिका होती. ऐकायला ती ऐच्छिक वाटते. पण हेच सरकार काबुलच्या रस्त्यावर पुरुषांना युरोपीय पोशाख आणि हॅट घालायला लावत होतं, न घालणाऱ्याला दंड करत होतं. शुक्रवारची सुट्टी बदलून गुरुवारी केली होती. अशा राज्यात मंत्र्याच्या बायकोला राणीसमोर बसून पडदा ठेवायचं स्वातंत्र्य कितपत होतं? आणि दुसऱ्या बाजूने, ज्या घरात बापाचा-नवऱ्याचा हुकूम चालतो तिथे पडदा काढायचं स्वातंत्र्य तरी कुठे होतं? राणीच्या पाठीशी राजा होता. काबुलच्या सामान्य बाईच्या पाठीशी कोणी नव्हतं.

त्याच महिन्यात मस्तुरात शाळेच्या मुलींची एक तुकडी शिक्षणासाठी तुर्कस्तानला रवाना झाली. लग्न न झालेल्या तरुण मुली, परदेशात, घरच्या पुरुषांशिवाय. पडद्यापेक्षाही ही बातमी जास्त झोंबली असावी, कारण बंडखोरांच्या तक्रारींत ती ठळकपणे आली.

नोव्हेंबरच्या मध्यावर जलालाबादजवळ शिनवारी टोळ्या उठल्या. त्यांनी जलालाबादचा राजवाडा जाळला. त्यांच्या तक्रारींत राणी होती, मुलींच्या शाळा होत्या, आणि कर आणि सक्तीची भरतीही होती. धर्माच्या नावाने गोळा झालेल्या माणसांना पोटाचीही कारणं होती. फौज पूर्वेकडे पाठवली तर तिचा पगार थकलेला. सैनिक लढायला तयार नव्हते, कित्येक पळून गेले.

काबुलच्या उत्तरेला हबीबुल्लाह कलकानी नावाचा बंडखोर होता. लोक त्याला बच्चा-ए-सकाव म्हणायचे, म्हणजे पखालीने पाणी भरणाऱ्याचा पोर. डिसेंबरमध्ये त्याने थेट राजधानीवर चाल केली. पहिला हल्ला परतला, पण शहर हादरलं. इंग्रजांनी विमानं पाठवून परदेशी लोकांना बाहेर काढायला सुरुवात केली. दोन महिन्यांत ५८६ माणसं पेशावरला नेली. विमानांनी इतक्या मोठ्या प्रमाणावर नागरिकांना हलवण्याची ही जगातली पहिलीच वेळ मानली जाते.

सुरैयाला मुलांसह विमानाने कंदाहारला पाठवलं होतं. ती काबुल सोडून गेल्यावर जानेवारी १९२९ च्या सुरुवातीला अमानुल्लाहने सगळं मागे घेतलं. मुलींच्या शाळा बंद. तुर्कस्तानातल्या मुली परत. बायकांनी तोंड झाकूनच बाहेर पडायचं. म्हणजे ज्या राजाने पडदा काढायला सांगितला, त्याच राजाच्या हुकुमाने तो परत आला, आणि दोन्ही वेळा ज्यांच्या तोंडावर तो होता त्यांना कोणी विचारलं नाही.

तरी उपयोग झाला नाही. १४ जानेवारीला त्याने थोरल्या भावासाठी गादी सोडली आणि बर्फातून गाडी हाकत कंदाहार गाठलं. भाऊ तीन दिवस राजा होता. मग काबुल कलकानीच्या ताब्यात गेलं.

कंदाहारहून अमानुल्लाहने पुन्हा प्रयत्न केला. गझनीपर्यंत सैन्य नेलं, पण टोळ्यांची साथ मिळाली नाही. मे १९२९ मध्ये कुटुंबाने चमनला सरहद्द ओलांडली आणि आगगाडीने थेट मुंबई गाठली. दीड वर्षापूर्वी जिथे त्यांचं स्वागत झालं होतं तिथेच आता ते परागंदा म्हणून उतरले. सुरैयाचे दिवस भरत आले होते. ७ जून १९२९ रोजी मुंबईत तिला मुलगी झाली. आसरा दिलेल्या देशाचं नाव तिला दिलं, इंडिया. त्याच महिन्यात बाळंतीण राणी बाळाला घेऊन इटलीच्या जहाजात बसली.

इटलीच्या राजाने सफरीच्या वेळी अमानुल्लाहला तिथला सर्वोच्च किताब दिला होता. तो मिळालेला माणूस राजाचा मानलेला भाऊ होतो. त्या नात्यावर रोममध्ये आसरा मिळाला. सुरैया तिथे जवळजवळ ३९ वर्षं राहिली. वडील महमूद तर्झी १९३३ मध्ये इस्तंबूलला परदेशातच वारले.

काबुलात कलकानीला हटवून नादिर शाह आला. त्याने अमानुल्लाहचा धडा घेतला आणि बायकांच्या प्रश्नाला हातच लावला नाही. शेजारच्या इराणमध्ये रेझा शाहने मात्र १९३६ मध्ये पडद्यावर उघड बंदी घातली. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची वस्त्रं ओढायचे. कित्येक बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. १९४१ मध्ये शाह गेला, सक्ती ढिली पडली आणि पडदा परतला.

अफगाणिस्तानात पुढचा प्रयत्न १९५९ चा. स्वातंत्र्यदिनाच्या संचलनाला राजघराण्यातल्या आणि मंत्र्यांच्या बायका उघड्या चेहऱ्याने व्यासपीठावर बसल्या. हुकूम निघाला नाही. पंतप्रधान दाऊदकडे यावेळी रशियाने तयार केलेली फौज होती. विरोध करणाऱ्या मौलवींना त्यानेही तुरुंगात टाकलंच, पण सरकार टिकलं. अमानुल्लाह तेव्हा हयात होता. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६० मध्ये तो स्वित्झर्लंडमध्ये वारला.

सोशल मीडियावर आणखी एक दावा फिरतो, की अमानुल्लाहने १९१९ मध्येच बायकांना मताचा हक्क दिला, अमेरिकेच्याही आधी. हे चूक आहे. तो हक्क १९६४ च्या राज्यघटनेने दिला. टाईम मासिकाने २०२० मध्ये मागच्या शतकातल्या महत्त्वाच्या स्त्रियांची यादी काढली, त्यात १९२७ या वर्षासाठी सुरैयाचं नाव आहे, हे मात्र खरं.

आज फ्रान्समध्ये २०११ पासून सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकला तर १५० युरोपर्यंत दंड होतो. स्वित्झर्लंडमध्ये २०२१ च्या जनमतात ५१.२ टक्के लोकांनी बंदीला कौल दिला आणि ती २०२५ पासून लागू झाली. काबुलात २०२२ पासून तालिबानचा हुकूम आहे की बाईने चेहरा झाकलाच पाहिजे, नाहीतर शिक्षा घरच्या पुरुषाला. सुरैयाने ज्या शहरात मुलींची शाळा चालवली, तिथे मुलींना सहावीच्या पुढे शाळा बंद आहे.

२० एप्रिल १९६८ रोजी सुरैया रोममध्ये वारली. सरकारने तिचं शव विमानाने मायदेशी आणलं आणि शासकीय इतमामात जलालाबादला नवऱ्याच्या शेजारी दफन केलं. १९२८ मध्ये शिनवारींनी राजवाडा जाळला होता तेच हे शहर. दोघांच्या कबरी तिथल्या बागेत आजही आहेत.